एका महिन्याची कादंबरी

कादंबरी लिहावी असे ज्यांच्या मनात कधी ना कधी येऊन गेले आहे अशी माणसे प्रत्येक गावात आढळतात. त्यांतील बहुतेक पहिल्या प्रकरणापाशीच थबकतात. पहिले पान लिहावे, दुसऱ्या दिवशी ते वाचून खजील व्हावे, फाडून टाकावे आणि पुन्हा पहिलेच पान लिहावयास घ्यावे, असा त्यांचा क्रम काही दिवस चालतो आणि मग वही कपाटात जाते. यांच्या कल्पनाशक्तीत उणीव असते असे म्हणवत नाही. त्यांच्या आड येतो तो त्यांच्याच मनात बसलेला परीक्षक. निर्माता दोन पावले चालला नाही तोच हा त्याची चाल तपासू लागतो.

या परीक्षकाला काही काळ उंबरठ्याबाहेर कसे बसवावे, या प्रश्नाला अमेरिकेत १९९९ साली एक गमतीदार उत्तर मिळाले. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहणाऱ्या ख्रिस बेटी या तरुणाने त्या वर्षीच्या जुलै महिन्यात आपल्या स्नेह्यासोबत्यांपुढे एक पैज मांडली : एका महिन्यात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहावयाची. एकवीस जण या साहसाला सिद्ध झाले. पुढच्या वर्षी हा उपक्रम नोव्हेंबरात नेण्यात आला, कारण थंडीपावसाच्या त्या दिवसांत घराबाहेर पडण्याचा मोह कमी. त्या खेपेस एकशे चाळीस जण लिहावयास बसले. ‘राष्ट्रीय कादंबरीलेखन मास’ अशा अर्थाचे भारदस्त नाव धारण केलेला हा खेळ पुढे अनेक देशांत पसरला आणि त्यात भाग घेणाऱ्यांची संख्या लाखांवर गेली. या स्पर्धेत प्रतिस्पर्धी नव्हता, परीक्षक नव्हता आणि पारितोषिकही नव्हते. ज्याने महिनाअखेर पन्नास हजारांचा आकडा गाठला तो जिंकला, एवढाच नियम.

या नियमामागचे गणित साधे आहे. तीस दिवसांत पन्नास हजार म्हणजे दिवसाला सुमारे १,६६७ शब्द. नोकरी वा घरकाम सांभाळणाऱ्यास रोज दोन-अडीच तास बसल्यास एवढे लेखन जमण्याजोगे असते. मात्र लिहिलेले वाक्य पुनःपुन्हा घासूनपुसून पाहण्यास त्यात सवड उरत नाही. तीन दिवस वाया गेले तर उरलेल्या दिवसांचा हप्ता १,८५२ वर जातो. विसाव्या दिवशी वीस हजारच झाले असतील, तर अखेरच्या दहा दिवसांत रोज तीन हजारांची फेड करावी लागते. सावकाराच्या व्याजासारखा हा हिशेब निष्ठुर आहे आणि त्याची निष्ठुरताच उपकारक ठरते. ‘हे चांगले आहे का?’ या प्रश्नाच्या जागी ‘आजचे झाले का?’ हा प्रश्न येतो. पहिल्या प्रश्नाला नवखा लेखक उत्तर देऊ शकत नाही. दुसऱ्याला देऊ शकतो.

मुदतीच्या धाकाखाली लिहिण्याचा हा प्रकार तसा नवा नव्हे. रशियन कादंबरीकार दोस्तोयेव्हस्की याने कर्जापायी एका प्रकाशकाशी विलक्षण करार केला होता. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी हाती न दिल्यास त्याचे पुढील नऊ वर्षांचे लेखन विनामोबदला छापण्याचा हक्क त्या प्रकाशकाला मिळणार होता. ऑक्टोबर उजाडला तरी कागद कोरेच होते. अखेर ॲना स्नित्किना या वीस वर्षांच्या लघुलेखिकेस बोलावण्यात आले. तो तोंडाने सांगे, ती उतरवून घेई आणि घरी जाऊन स्वच्छ प्रत करून आणी. ‘जुगारी’ ही कादंबरी अशा रीतीने सव्वीस दिवसांत पूर्ण झाली आणि पुढल्या वर्षी त्या दोघांचा विवाहही झाला. परंतु या कथेतील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. या कादंबरीचा विषय लेखकाच्या मनात तीन वर्षे घोळत होता आणि जुगाराचा दाह त्याने स्वतः सोसला होता. महिन्याभरात जे कागदावर उतरते ते महिन्याभरात जन्मलेले असतेच असे नाही.

वास्तववादी कादंबरीची ही कथा. अद्भुतरम्य कादंबरीची वाट त्याहून अवघड. मुंबईतील चाळीवर लिहिणाऱ्यास पुष्कळ गोष्टी उसन्या मिळतात. ‘चाळ’ हा एक शब्द उच्चारला की जिना, नळावरचे भांडण आणि सामाईक गॅलरी वाचकाच्या डोळ्यांपुढे आपोआप उभी राहते. ज्या राज्याचे अस्तित्वच नाही त्याविषयी लिहिणाऱ्यास मात्र काहीच उसने मिळत नाही. तेथले चलन, अंतरे, देव, शपथा, स्वयंपाक, मृतांचे संस्कार, सारे त्याने स्वतः घडवावयाचे असते आणि ते परस्परांशी जुळावेही लागते. जे. आर. आर. टोलकीन यांनी १९३९ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर व्याख्यान दिले. निर्मिलेले दुय्यम जग आतून सुसंगत असले तरच वाचक त्यावर विश्वास ठेवतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होता. त्यांनी स्वतः ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कथा १९३७ च्या डिसेंबरात आरंभिली; ती पूर्ण होण्यास सुमारे बारा वर्षे लागली आणि छापून निघाली ती १९५४-५५ मध्ये. साडेचार लाखांहून अधिक शब्दांच्या त्या ग्रंथापुढे तीस दिवसांची पैज पोरखेळ वाटावी यात नवल नाही.

तथापि टोलकीन यांच्या उदाहरणाने भारावलेले कित्येक लेखक एका सापळ्यात अडकतात. ते नकाशे काढतात, राजवंशावळी रचतात, लिपी तयार करतात. दहा वर्षे लोटली तरी कथेचा नायक घराबाहेर पडत नाही. जग सजवण्याचे काम कधीच संपत नाही आणि त्यात अपयशाचे भयही नसते, कारण वाचकाच्या कसोटीला तोवर काही उतरलेलेच नसते. अशा लेखकास महिन्याची मुदत हात धरून दारापलीकडे नेते. त्याने नोव्हेंबरपूर्वी हवी तेवढी टिपणे करावी. मजकूर मात्र पहिल्या तारखेलाच सुरू करावा, असा या उपक्रमाचा संकेत होता.

प्रत्यक्षात हे कसे घडते ते एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. समजा, वाऱ्याला हाक मारून बोलावणारी एक मुलगी बेटावर राहते, एवढेच बीज लेखकापाशी आहे. पहिल्या आठवड्यात त्याचा उत्साह ओसंडत असतो. मुलगी गलबते वाचवते, गावकरी तिची आरती करतात. दुसऱ्या आठवड्यात कथा अडते. जी वाऱ्याला केव्हाही बोलावू शकते तिच्यावर संकट येणार तरी कसे? अनेकांच्या वह्या मिटतात त्या याच टप्प्यावर. पण रोजचा हप्ता भरावयाचाच असल्याने लेखक चाचपडत पुढे जातो आणि सतराव्या-अठराव्या दिवशी एका प्रसंगात ती मुलगी धाकट्या भावाला हाक मारावयास जाते, तो त्याचे नावच तिला आठवत नाही. लेखक चमकतो. वाऱ्याला घातलेल्या प्रत्येक हाकेची किंमत म्हणून तिच्या स्मरणातले एकेक नाव पुसले जात आहे! या एका शोधाने कथेला कणा मिळतो, कारण अद्भुत शक्तीला किंमत असल्यावाचून अद्भुतकथेत चिंता उत्पन्न होत नाही.

आता पहिली दहा प्रकरणे चुकीची ठरली. येथे या पद्धतीचा सर्वांत मोलाचा नियम उपयोगी पडतो : मागे वळावयाचे नाही. ‘पहिल्यापासून नावे विसरत आहे असे करणे’ एवढी टीप समासात लिहावी आणि जणू ती दुरुस्ती झालीच आहे असे मानून पुढे चालावे. नदीचे नाव सुचत नसेल तर तेथे फुली मारावी. अद्भुताचा शोध घटनेच्या ओघात लागतो. फुली भरण्याचे काम डिसेंबरातही होते.

अद्भुतकथा आणि मुदत यांचे नाते तसे प्राचीनच आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांमुळे मराठी वाचकांच्या परिचयाच्या झालेल्या अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टींत वजिराची कन्या रात्रीमागून रात्र गोष्ट सांगत राहते, ती पहाटेची मुदत डोक्यावर असते म्हणून. तिला मागचे वाक्य सुधारण्याची मुभा नव्हती. पुढे काय झाले एवढेच तिला सांगावयाचे होते.

या मासिक उद्योगातून खरोखर काही टिकाऊ निघाले काय, असा प्रश्न रास्त आहे. एरिन मॉर्गनस्टर्न या अमेरिकन लेखिकेची ‘द नाइट सर्कस’ ही कादंबरी २०११ मध्ये प्रसिद्ध होऊन गाजली. तिचा उगम अशाच एका नोव्हेंबरातला. हाती घेतलेली भलतीच कथा रखडली तेव्हा कंटाळून लेखिकेने आपल्या पात्रांना सर्कशीत धाडले. पात्रे बाजूला राहिली आणि सर्कसच कादंबरी झाली. पण त्यानंतर कित्येक वर्षे तिचे पुनर्लेखन चालले होते. सीलिया ही तिची नायिका आरंभीच्या मसुद्यांत नव्हतीच. मरिसा मेयर यांनी सिंड्रेलाच्या कथेला यंत्रयुगात नेणारी ‘सिंडर’ आणि तिच्या पुढील दोन कादंबऱ्या यांचे कच्चे खर्डे २००८ च्या एकाच नोव्हेंबरात लिहिले. ‘सिंडर’ मात्र वाचकांच्या हाती पडली २०१२ साली. दोन्ही उदाहरणांचा बोध एकच. महिन्यात तयार होते ती माती. मूर्ती घडते ती नंतरच्या वर्षांत. परंतु माती आणल्याशिवाय कोणत्याच मूर्तिकाराचे हात चालत नाहीत.

मराठीत असा संकल्प करणाऱ्याने एक व्यावहारिक भेद ध्यानी घ्यावा. इंग्रजीत शब्दयोगी अव्यये सुटी लिहिली जातात, मराठीत ती शब्दाला बिलगतात. ‘राजाच्या बागेत’ हे मराठीत दोन शब्द. ‘इन द गार्डन ऑफ द किंग’ म्हटले की तेच सहा होतात. त्यामुळे पन्नास हजार मराठी शब्दांत मजकूर पुष्कळच अधिक मावतो आणि श्रमही तेवढेच वाढतात. इंग्रजी आकड्याशी बरोबरी करण्यापेक्षा रोज चार-पाच पाने असा आपल्या हाताला झेपेल तो नेम ठरवणे शहाणपणाचे. नेम कोणता यापेक्षा तो पाळला जातो की नाही यालाच महत्त्व आहे.

हा उपक्रम चालवणाऱ्या संस्थेवर पुढे वाईट दिवस आले. यंत्राकडून लेखन करवून घेण्याच्या प्रश्नावर २०२४ च्या सप्टेंबरात तिने स्पष्ट विरोधाची भूमिका घेतली नाही, म्हणून अनेक लेखक दुखावले आणि तिच्या लेखकमंडळातील काहींनी राजीनामे दिले. २०२५ च्या मार्चअखेरीस, आर्थिक अडचणींचे कारण देऊन, संस्थेने आपले काम थांबवत असल्याचे जाहीर केले. या वादात एक मूलभूत गोष्ट उघड झाली. पन्नास हजार शब्द यंत्र काही मिनिटांत ओतू शकते. मग माणसाने महिनाभर कष्ट का घ्यावेत? पन्नास हजार शब्द हे साध्य असते तर या प्रश्नाला उत्तर नव्हते. पण बेटावरच्या त्या मुलीला भावाचे नाव आठवले नाही, तेव्हा जो चमकला तो लेखक होता. त्या क्षणापर्यंत चालत जाण्यासाठी त्याने सतरा दिवसांची रटाळ पाने लिहिली होती. ती पाने कोणी दुसऱ्याने लिहून दिली असती तर कागद भरले असते, पण तो क्षण त्याच्या वाट्याला आला नसता.

संस्था गेली तरी नोव्हेंबर दरवर्षी येतोच. आणि ज्याला नोव्हेंबर सोयीचा नाही त्याला इतर अकरा महिने मोकळे आहेत. कपाटातली ती वही काढावी, पहिले पान वाचू नये आणि दुसऱ्या पानापासून लिहावयास लागावे.