बोटांनी अक्षरे शिकविणारा डॉक्टर

घरात एखादे मूल आंधळे असले की आपण मायेनेच म्हणतो, "बसू दे त्याला, काम सांगू नका." या मायेत मुलाचे केवढे नुकसान असते, हे अमेरिकेतील एका डॉक्टरने एकोणिसाव्या शतकातच ओळखले होते. त्या डॉ. सॅम्युअल ग्रिडली हाऊ यांची ओळख आज आम्ही वाचकांना करून देत आहोत.

हाऊ यांचा जन्म १८०१ साली बोस्टन शहरात झाला. वडिलांचा दोरखंडाचा कारखाना होता. १८२४ साली हार्वर्डची वैद्यकीची पदवी मिळाली. दवाखाना थाटून सुखाने राहता आले असते. पण तुर्की सत्तेशी लढणाऱ्या ग्रीक लोकांच्या मदतीला ते शस्त्रवैद्य म्हणून गेले आणि कित्येक वर्षे तिकडेच झिजले.

१८३२ साली वडिलांच्याच घरात मूठभर मुले घेऊन त्यांनी अंधांची शाळा सुरू केली. पुढल्या वर्षी थॉमस पर्किन्स या धनिक व्यापाऱ्याने आपला वाडा शाळेला दिला. तीच पुढे पर्किन्स शाळा म्हणून नावारूपास आली. अंधांना भीक नको, विद्या आणि काम हवे, असे हाऊ यांचे म्हणणे होते.

१८३७ साली लॉरा ब्रिजमन ही सात वर्षांची मुलगी शाळेत आली. दोन वर्षांची असताना लाल तापाने तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती दोन्ही गेली होती. अशा मुलीला भाषा शिकवायची कशी? हाऊ यांनी चमचा, किल्ली अशा वस्तूंवर उठावदार अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. आधी ती नुसती नक्कल करीत असे. पुष्कळ दिवसांनी एकदा तिच्या ध्यानात आले की या खुणांनी आपल्या मनातले दुसऱ्याला सांगता येते. मग ती दुसऱ्याच्या तळहातावर बोटांनी अक्षरे काढून बोलू लागली.

हाऊ हे देवमाणूस होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. १८४३ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या एका बँकवाल्याची कन्या ज्युलिया वॉर्ड हिच्याशी लग्न केले. ती कवयित्री होती; पण बायकोने लिहून लोकांपुढे यावे हे त्यांना रुचत नसे. परक्या मुलीच्या बोटांना वाचा देणाऱ्या माणसाला घरच्या लेखणीचे कौतुक नव्हते. ज्युलियाबाईंनी लिहिणे सोडले नाही. १८६२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या युद्धगीताने त्यांचे नाव देशभर झाले.

१८७६ साली हाऊ वारले. लॉरा शाळेतच राहिली. चार्ल्स डिकन्स १८४२ साली तिला भेटून गेले होते व त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात तिच्याविषयी लिहिले होते. ते वाचून हेलन केलर हिच्या आईला आशा वाटली. त्याच शाळेत शिकलेली अ‍ॅन सलिव्हन १८८७ साली हेलनला शिकवायला गेली, तेव्हा तिने शाळेतील अंध मुलांनी दिलेली एक बाहुली बरोबर नेली. हेलनच्या तळहातावर पहिला शब्द लिहिला गेला तो 'बाहुली' हाच. त्या बाहुलीचे कपडे लॉराने शिवले होते.