कैफियत ऐकणारी माणसे

शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने बालक आणि किशोर यांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण घेतलेला किमान एक समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजसेवक नेमावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिला, तेव्हा आम्हां निवृत्त शिक्षकांना मनस्वी आनंद झाला. परंतु बेलापूरजवळच्या आमच्या दिवाळे गावापासून फार दूर नसलेल्या एका शाळेत त्या फर्मानाची तामिली भूगोलाच्या शिक्षकांवर ‘अतिरिक्त कार्यभार’ सोपवून आणि हजेरीपटाशेजारी एक नवी नोंदवही ठेवून झाल्याचे कळले, आणि तो आनंद आठवडाभरही टिकला नाही.

समुपदेशनाच्या विद्येचा इतिहास लिहिणारे 1937 साली मुंबईत टाटांच्या समाजकार्य विद्यालयाने काढलेल्या बालमार्गदर्शन केंद्रापासून आरंभ करतात. करोत बापडे! पुढची पन्नास वर्षे ती विद्या खाडी ओलांडून आमच्याकडे आलीच नाही. 1970 साली नवी मुंबई वसवणारी सिडको आली, जमिनी गेल्या, पण बिथरलेल्या पोरावर उपाय दोनच राहिले, मास्तरांची छडी आणि भगताचा अंगारा.

खरे दशक नव्वदीचे. 1990 साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था उभारली. तिकडे मुंबईत कि. मो. फडके अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी माणसाच्या गळी उतरवीत होते, आणि ‘पहिला नंबर मिळालाच पाहिजे’ या हट्टाचे ‘मिळाला तर आवडेल’ अशा इच्छेत परिवर्तन करण्याचा अभ्यास महाविद्यालयीन तरुण चक्क वहीत लिहून करू लागले होते. 1993 मध्ये बेलापुरात लोकल आली, आणि तिच्यातूनच दर शनिवारी एक मानसतज्ज्ञ बाई विनावेतन आमच्या शाळेत येऊ लागल्या. ‘हे श्रीमंतांचे चोचले आहेत’ असा अभिप्राय देऊन आमच्या तत्कालीन मुख्याध्यापकांनी त्यांना प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली दिली. तो अभिप्राय मी विसरलो नाही.

शाळा चुकवणारा, दफ्तरी ‘उनाड’ अशी नोंद झालेला नववीतला एक कोळ्याचा मुलगा त्यांच्यापुढे उभा केला गेला, तेव्हा बाईंनी त्याला शाळेविषयी एक अक्षर विचारले नाही; पिशवीतून सुतळीचा गुंडा काढून ‘जाळ्याची आस कशी पाडतात, दाखव बरं’ एवढेच म्हणाल्या. बोटे कामात गुंतली, मान खाली गेली, आणि बऱ्याच वेळाने पोरगा आपण होऊन बोलला, ‘‘फल्यावरचा मना उतरवाला जमत नाय, तवर सर पुसून टाकतान.’’ बाजार आटोपून पाटी घेऊन आलेली त्याची आई तोवर बाहेर ताटकळत होती; तिला काय सांगायचे आणि काय नाही, हेही बाईंनी आधी त्यालाच विचारले. लहानग्यांना खेळू द्यावे, किशोरांचा शब्द त्यांच्या अनुमतीवाचून आईबापांपर्यंतही जाऊ देऊ नये (जिवाला धोका असेल तेवढा अपवाद), आणि तरुणांशी बरोबरीने वाद घालावा, अशी त्यांची रीत होती. सगळी कैफियत ऐकून घेतल्यावरच त्यांनी मुलाला तपासणीसाठी मुंबईच्या रुग्णालयात धाडले. अध्ययन-अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचे राज्य शासनाने 1996 साली मान्य केले, त्यांतला जादा वेळ या मुलाला दहावीला मिळाला.

आता क्रम उलटला आहे. पालक अध्ययन-अक्षमतेचा दाखला मागत येतात, दाखला मिळतो, आणि मूल काय म्हणते हे विचारण्याची मुदत तोवर संपलेली असते. बाईंची खोली अडगळीची होती, पण तिला दार होते. नव्या व्यवस्थेत मुलाने आपले दुःख शिक्षकांच्या दालनात, चहा पिणाऱ्या चार गुरुजींच्या देखत निवेदन करायचे आहे. भूगोलाच्या शिक्षकांना मी दोष देत नाही. मतदारयाद्या, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि परीक्षेचे पर्यवेक्षण सांभाळून ते बिचारे नोंदवही लिहितात, जिच्या अखेरच्या रकान्यात ‘निराकरण झाले’ असे दर तिमाहीस, न चुकता, सर्व नावांपुढे भरून द्यावे लागते.