मोरचुदाने निवळलेले पाणी

तळ्यावर हिरवी साय धरली, पाण्याला वास येऊ लागला की मोरचूद टाकण्याची सूचना पुढे येतेच. उपाय जुना, स्वस्त आणि डोळ्यांना पटणारा; काही दिवसांत पाणी निवळते. तथापि पाणी निवळणे आणि निर्धोक होणे या भिन्न गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या किनाऱ्याजवळच्या पाम बेटावर १९७९ साली हे दिसून आले.

तेथील मूलनिवासी वस्तीला सॉलोमन धरणाचे पाणी मिळे. जलाशयात शेवाळ माजले, चवीच्या व वासाच्या तक्रारी आल्या, म्हणून मोरचूद टाकण्यात आले. त्यानंतर काही दिवसांतच उलट्या, यकृताची सूज, पुढे रक्ताचे जुलाब अशा लक्षणांनी सुमारे दीडशे जण आजारी पडले. त्यांत बहुतेक मुले होती. प्रारंभी कारण कळेना. पुढे त्या जलाशयातील एका निळ्या-हिरव्या शेवाळात यकृतास घातक विष आढळले. तांब्यामुळे पेशी फुटल्या आणि त्यांतील विष पाण्यात उतरले, असा उलगडा सामान्यतः केला जातो. काहींनी मात्र तांब्याच्या मात्रेवरच ठपका ठेवला. यांपैकी कोणताही निष्कर्ष मानला तरी दोष उपायाकडेच जातो!

विषारी नसलेले शेवाळही एकदम मेले की कुजताना पाण्यातील प्राणवायू खाते आणि पहाटे मासे तरंगू लागतात. मृदू पाण्यात तर अल्प तांबेही माशांना मारक ठरते. कुजलेल्या शेवाळातील नत्र आणि स्फुरद तळ्यातच राहतात. त्यांवर नवे शेवाळ पोसते व पुन्हा मोरचूद आणावे लागते. तांबे मात्र नाश पावत नाही, ते गाळात साचते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात फेअरमाँटच्या तळ्यांत हा क्रम ५८ वर्षे चालला. त्याच्या दुष्परिणामांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यात तांब्याने भरलेला गाळ होता, मेलेले मासे होते आणि तांब्याला न जुमानणारे शेवाळही होते.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने येथे मुख्य प्रश्न जमाखर्चाचा आहे. खरेदीच्या कागदावर पोत्याचा भाव तेवढा येतो. माशांचे नुकसान कोळ्याच्या माथी, गाळाचा खर्च पुढच्या पिढीच्या माथी. तो कोणत्याच रकान्यात नसतो. उलट सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारे खत अडविणे महाग वाटते, कारण त्याचा सारा खर्च अंदाजपत्रकात उघड लिहावा लागतो. जेथे औषध टाळताच येत नाही, तेथेही शेवाळ माजण्यापूर्वी, तळ्याच्या एकेका भागात आणि मध्ये काही दिवस सोडूनच ते टाकावे. आणि पिण्याच्या पाण्यात विषारी शेवाळ आधीच माजले असेल, तर मोरचुदाच्या पोत्याला हात लावण्यापूर्वी पाणी तपासून पुरवठा दुसरीकडून करावा.