उंदीर धावले, आपण कधी?

मैत्रिणींनो, कपाट उघडायचं आणि "मी इथे कशाला आले होते?" म्हणून उभं राहायचं, असं तुमचंही होतं ना? आपण ते हसण्यावारी नेतो. पण परवा सासूबाईंनी आमटीत दुसऱ्यांदा मीठ घातलं, तेव्हा मला काही हसू आलं नाही.

मेंदूचं वजन शरीराच्या अवघं २ टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त त्या एकट्याला लागतं. ते केसाहून बारीक रक्तवाहिन्यांतून जातं. या वाहिन्यांच्या भिंती मोठ्या चोखंदळ! हवं तेवढंच आत सोडतात. चक्का बांधायचं फडकं आठवा. नवं असताना पाणी तेवढं गळतं. जुनं होऊन वीण विरळ झाली की दहीही बाहेर येऊ लागतं. वय वाढलं की या वाहिन्यांचं असंच होतं. भिंतींना बाहेरून आधार देणाऱ्या पेशी कमी होतात, आणि जे रक्तातच राहायला हवं ते मेंदूत झिरपतं.

अमेरिकेतल्या मेन राज्यात, जॅक्सन प्रयोगशाळेत गॅरेथ हॉवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. वर्षाचे, म्हणजे मध्यमवयीन उंदीर घेतले. काहींच्या पिंजऱ्यात फिरतं चाक ठेवलं. कोणी हाकललं नाही, तरी ते रात्रीतून दोनेक मैल धावत! सहा महिन्यांनी, म्हणजे माणसाच्या हिशेबात साठीच्या आसपास, तपासणी झाली. बसून राहिलेल्यांच्या वाहिन्या गळक्या झाल्या होत्या. धावणाऱ्यांच्या भिंती बऱ्याच शाबूत होत्या, मेंदूतला दाहही कमी होता. गंमत म्हणजे, 'अपो-ई' नावाचं प्रथिन ज्या उंदरांत मुळातच नव्हतं, त्यांना धावूनही हा फायदा मिळाला नाही.

"उंदरांचं ठीक आहे हो, आमचं काय?" बरोबर आहे. उंदराचं सगळंच माणसाला लागू पडत नाही. पण २०११ सालचा एक प्रयोग माणसांवरचाच आहे. ५५ ते ८० वयाच्या १२० जणांपैकी निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस चालायला लावलं. सुरुवात दहा मिनिटांची, मग वाढवत चाळीस. वर्षाअखेर त्यांच्या मेंदूतला स्मरणशक्तीशी निगडित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला होता. नुसते ताणाचे व्यायाम करणाऱ्यांचा तोच भाग थोडा घटला होता. इथे रक्तवाहिन्या मोजलेल्या नाहीत, हे खरं. पण धावताच आलं पाहिजे असं नाही, एवढा धीर मला पुरला.

"दिवसभर माझी धावपळच असते," हे मीही म्हणत असे. घरकाम वाया जात नाही, पण ते तुटक तुटक. ओट्यापासून मोरीपर्यंत जाऊन धाप थोडीच लागते! बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत भरभर सलग चालायला हवं. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि चालताना छातीत दुखलं तर लगेच थांबा. चपला नकोत, कॅनव्हासचे बूट घ्या. साडीवर शोभत नाहीत, न शोभोत!

मी पावणेसहाला निघते, दूध यायच्या आत परत येते. पहिल्या आठवड्यात सासूबाई फाटकापर्यंत आल्या. आता कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत येतात.