साठ टक्क्यांचा पंप

टूडी इकोचा रिपोर्ट हातात पडला की घरचे आधी एकच आकडा शोधतात. ‘पंपिंग साठ टक्के’ वाचून कुणीतरी हबकतंच: म्हणजे चाळीस टक्के गेलं? गेलेलं काहीच नसतं. धडधाकट हृदयसुद्धा एका ठोक्यात पूर्ण रिकामं होत नाही. डाव्या खालच्या कप्प्यात साधारण १२० मिलिलिटर रक्त भरतं, त्यातलं ७० बाहेर पडतं, उरलेलं आतच राहतं. खरी काळजी सुरू होते ती आकडा चाळिशीच्या खाली उतरला की.

मुठीएवढा, जेमतेम ३०० ग्रॅमचा हा स्नायू मिनिटाला पाच, म्हणजे दिवसाला सात हजार लिटर रक्त फिरवतो. उजव्या बाजूला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच पोचवायचं असतं. डावीला टाळूपासून तळपायापर्यंत, म्हणून तिची भिंत जवळजवळ तिप्पट जाड. ठोक्याचा इशारा मेंदू देत नाही, उजव्या वरच्या कप्प्यातला पेशींचा पुंजका देतो. खाली उतरताना तो इशारा सेकंदाचा दहावा भाग रेंगाळतो आणि तेवढ्यात खालचे कप्पे नीट भरून घेतात. मला मात्र नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आकसताना डावा कप्पा स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून टाकतो. त्यामुळे त्याच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. नाडी फार धावू लागली की हा विसावाच आखडतो.

हृदय निकामी होणं म्हणजे ते बंद पडणं नव्हे. हार्ट अटॅकमध्ये स्नायूचा एखादा भाग मरतो, किंवा रक्तदाब वर्षानुवर्षं चढा राहतो, आणि पंप मागे पडू लागतो. रक्त कमी पोचलं की मूत्रपिंडांची समजूत होते, कुठेतरी रक्तस्राव झालाय. ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, ॲड्रेनॅलिन दमलेल्या हृदयाला आणखी पळवतं. जखमी माणूस याच व्यवस्थेवर तगतो. इथे तीच घात करते. हृदय ताणलं जातं, काही काळ त्या ताणावरच जोरात ठोके मारतं, मग सैल आणि पसरट होत जातं.

डावी बाजू तुंबली की पाणी फुप्फुसांत उतरतं, आडवं पडलं की धाप लागते. म्हणून डॉक्टर विचारतात, ‘आजोबा, झोपताना उशा किती घेता?’ एकीच्या तीन झाल्या असतील तर अर्धं निदान तिथेच होतं. उजवी तुंबली की पाय सुजतात. नडगीवर अंगठा दाबून उचलला तरी खळगा तसाच राहतो.

शरीराची ही मदतच आवरायची असते, हे वैद्यकाला उशिरा उमगलं. ॲड्रेनॅलिनला अडवणारे बीटा ब्लॉकर हृदयाचा जोर कमी करतात, म्हणून अशा रुग्णांना ते देणं धोक्याचं मानत. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वागस्टीन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली ते मोजक्या रुग्णांना दिले आणि सुधारणा झाल्याचं मांडलं. मोठ्या चाचण्यांनी त्यावर शिक्का मारायला नव्वदचं दशक सरत आलं. आज त्याच गोळ्या, अगदी थोड्या मात्रेपासून चढवत नेत, मुख्य उपचारांत आहेत. सोबत लघवीवाटे पाणी काढणारी गोळी असते.

पापड-लोणच्याला मुरड रुग्णानेच घालायची. आणि रोज सकाळी लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत काटा दोन किलोंनी सरकला, तर जेवण कमी करून उपयोग नाही. ते पाणी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा.