परदेशचा पाहुणा

अमेरिकेंतील आप्तांस भेटावयास जाण्यासाठीं व्हिसा कसा मिळवावा, असें पालक आम्हांस विचारितात. भरपूर पैसा दाखविला कीं काम झालें, हा समज चुकीचा आहे. तेथील १९५२ च्या कायद्याचें कलम २१४ (ब) असा प्रत्येक अर्जदार कायमचाच राहावयास येत आहे, असें गृहीत धरितें. आपण परत येणार, हें घर, नोकरी, शिक्षण यांच्या आधारें आपणच पटवून द्यावें लागतें. म्हणून डी. एस. १६० हा अर्ज स्वतः वाचून भरावा. दलालाच्या सांगण्यावरून एकही खोटा शब्द लिहूं नये. नकार मिळाल्यास पुन्हां अर्ज करितां येतो. लबाडी उघडकीस आल्यास मात्र कायमची प्रवेशबंदी होऊं शकते. व्हिसा मिळाला तरी मुक्कामाची मुदत तेथें उतरल्यावर विमानतळावरील अधिकारी ठरवितो. विद्यार्थिमित्रांनो, ती तारीख आजीआजोबांस तुम्हींच वाचून दाखवावी.