वाढलेले ताट : नशिराबाद परिसरातील खाद्यपरंपरा आणि आपण

नाशिक धर्मप्रांताची स्थापना १९८७ साली झाली, तेव्हा पुणे धर्मप्रांतातून वेगळ्या झालेल्या भूभागात खानदेशाचाही समावेश होता. येथील कॅथलिक समाज पूर्वीपासूनच थोडका आणि विखुरलेला आहे. कोणी रेल्वेच्या नोकरीनिमित्त भुसावळला आले, कोणी शिक्षक वा परिचारिका म्हणून जळगाव-धुळ्याला स्थिरावले. कोणाचे मूळ गाव अहिल्यानगर जिल्ह्यात, कोणाचे वसईत, गोव्यात, मंगळूरला वा केरळात. नाताळ जवळ आला की या घरांतून नेवऱ्या आणि केक यांचा दरवळ सुटतो, आणि ते योग्यच आहे. परंतु वीस-वीस वर्षे खानदेशात राहूनही ज्यांनी कळण्याची भाकरी एकदाही चाखलेली नाही अशी कुटुंबे आम्हाला भेटतात, तेव्हा मनात प्रश्न उभा राहतो : आपण या भूमीत राहतो, की केवळ मुक्कामाला आहोत?

संत लूकच्या शुभवर्तमानातील दहाव्या अध्यायात प्रभू येशू बहात्तर शिष्यांना गावोगाव पाठवतो. जेथे स्वागत होईल तेथे राहा आणि तुमच्यापुढे जे वाढले जाईल ते खा, अशी त्याची सूचना आहे. येथे क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी जेवण, मग आजाऱ्यांना बरे करणे, आणि देवराज्याची घोषणा त्यानंतर. यजमानाच्या ताटाला हात लावल्याशिवाय शिष्याच्या तोंडून शब्द निघू नये, असाच जणू या क्रमाचा आशय आहे. त्या दृष्टीने आपल्यापुढे काय वाढलेले आहे, याची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न. निमित्त म्हणून आम्ही नशिराबाद हे गाव निवडले आहे. जळगावहून भुसावळकडे जाताना महामार्गावर लागणारे हे मोठे गाव. भादली हे रेल्वे स्थानक जवळ, आणि पुढे साकेगावपाशी वाघूर नदी. सिमेंटच्या कारखान्यामुळे ते अनेकांना नावाने ठाऊक असते; परंतु भोवतालच्या काळ्या जमिनीत काय पिकते हे बसच्या खिडकीतून सहसा दिसत नाही.

या परिसराचा मानबिंदू म्हणजे भरताचे वांगे. आसोदा, भादली आणि तापीपलीकडील बामणोद ही गावे त्यासाठी विशेष नावाजलेली. (आसोदा हे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे माहेर. १८८० साली जन्मलेल्या या शेतकरी स्त्रीने ज्या लेवा गणबोलीत ओव्या रचल्या, ती बोली नशिराबादच्या बाजारात आजही कानी पडते.) 'जळगाव भरीत वांगी' या नावाने या वाणाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. फळ मोठे, रंगाने फिकट हिरवे, त्यावर पांढरट रेषा, बिया कमी आणि गर मऊसूत. जाणती गृहिणी वांगे आधी हातात तोलून पाहते. दोन सारख्या आकाराच्या वांग्यांपैकी हलके असेल ते तिच्या पिशवीत जाते, कारण जड वांग्यात बिया अधिक निघतात. देठ हिरवा आणि साल तुकतुकीत असेल तर वांगे ताजे समजावे.

भरीत करण्याची पद्धत साधी आहे, परंतु घाईची नाही. कापसाचा हंगाम सरत आला की शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे, उरतात. त्यांच्या जाळावर वांगी भाजतात. हा जाळ झपकन पेटतो आणि लवकर निखाऱ्यावर येतो. त्यामुळे साल करपते, गर आतल्या आत शिजतो आणि धुराचा वास त्यात मुरतो. मग साल काढून गर लाकडी भांड्यात मुसळीने ठेचतात. त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर आणि सढळ हाताने तेल. टोमॅटो घालणारे आहेत, पण खानदेशी माणूस त्यांच्याकडे करुणेने पाहतो. सोबत कळण्याची भाकरी अथवा पुरी. कळणा म्हणजे ज्वारीत अख्खे काळे उडीद घालून दळलेले पीठ. धान्यातील प्रथिनांत जे उणे असते ते डाळीत असते आणि डाळीत उणे ते धान्यात, हे आहारशास्त्राने अलीकडे सांगितले. खानदेशातील बायकांनी ते जात्यावर केव्हाच साधले होते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरातील दुकानांत ज्वारी रंगीत पुडक्यांतून अवतरली. येथे 'दादर' ज्वारी रब्बीच्या शेतात पूर्वीपासून उभी आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांना सांगावीशी वाटते. आपले अनेक हिंदू शेजारी चातुर्मासात वांगे खात नाहीत आणि चंपाषष्ठीपासून ते पुन्हा सुरू करतात. मार्गशीर्षातील ही तिथी बहुधा आपल्या आगमनकाळाच्या आसपास येते. म्हणजे आपण नाताळच्या प्रतीक्षेला प्रारंभ करतो, त्याच सुमारास शेजाऱ्याची प्रतीक्षा संपलेली असते आणि शेताच्या बांधावर भरीत पार्ट्या रंगू लागतात. अशा पार्टीचे निमंत्रण कॅथलिक कुटुंबांनाही येते. ते नाकारू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. शेकोटीभोवती बसून हाताने सोललेले वांगे एकत्र खाल्लेल्या माणसांना पुढे एकमेकांच्या दाराशी जायला निमित्त लागत नाही. पुनरुत्थित प्रभूनेही तिबेरिया सरोवराच्या काठी शिष्यांना कोळशाच्या जाळावर भाजलेल्या मासळीची न्याहारी दिली होती, हे संत योहानाने आवर्जून नोंदवले आहे.

निमंत्रणांच्या संदर्भात एक शंका आमच्यापुढे वारंवार मांडली जाते. वरण-बट्टीचे जेवण खानदेशात लग्नात असते तसेच भंडाऱ्यातही असते. गव्हाच्या जाडसर पिठाची बट्टी, वर तुरीचे वरण, तुपाची धार आणि वांग्याची घोटलेली भाजी. हे जेवण देवस्थानाच्या निमित्ताने असेल तर ख्रिस्ती माणसाने काय करावे? करिंथ येथील श्रद्धावंतांना हाच प्रश्न पडला होता. संत पौलाने पहिल्या पत्रात त्याचे उत्तर तीन पदरी दिले आहे. बाजारात विकले जाते ते चौकशी न करता खावे. शेजाऱ्याने घरी बोलावले तर त्याने वाढलेलेही तसेच खावे. मात्र हे अन्न अर्पण केलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर ते सांगणाऱ्याच्या विवेकाचा विचार करून थांबावे. आणि अन्य उपासनेत प्रत्यक्ष सहभाग ही तर वेगळीच बाब आहे. म्हणजे अन्न अशुद्ध नसते. प्रश्न असतो तो आपल्या कृतीतून दुसऱ्याला काय कळते याचा. नम्रपणे हात जोडून 'एवढे राहू द्या' म्हणता येते आणि त्याच पंगतीत भाकरी वाढायलाही उभे राहता येते. तपशिलाची अडचण असेल तर आपल्या धर्मगुरूंशी बोलावे.

महामार्गावरील धाब्यांचे वैशिष्ट्य म्हणजे शेवभाजी. कांदा आणि सुके खोबरे भाजून केलेले वाटण, काळा मसाला, वर तरंगणारा लाल तेलाचा तवंग, आणि वाढण्याच्या क्षणी घातलेली जाड बेसनाची शेव. उन्हाळ्यात भाजीपाला दुर्मीळ होतो तेव्हा घरातल्या डब्यातून निघणारी ही भाजी. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून काही मंडळी धाब्यावर जाऊन तर्रीदार शेवभाजीवर ताव मारतात. नियम पाळला जातो, यात शंका नाही; प्रायश्चित्त कोणाचे होते हे मात्र दुसऱ्या दिवशी पोटालाच विचारावे. वाचवलेले पैसे गरजवंतांपर्यंत पोहोचावेत हा त्या दिवसाचा हेतू धाब्याच्या बिलात राहून जातो.

आता बाजाराकडे वळू. खरा प्रश्न तेथेच आहे. वांगे नाशवंत. पहाटे तोडलेला माल दुपारपर्यंत मलूल होतो, आणि तो शीतगृहात ठेवण्याची ऐपत किरकोळ विकणाऱ्या शेतकरी बाईला नसते. आठवडे बाजारात संध्याकाळी उशिरा जाणारा गिऱ्हाईक हे पुरते ओळखून असतो. दिवेलागणीला भाव पाडून मागितला की ती देते, कारण उरलेला माल परत नेण्यास गाडीभाडे पडते. या व्यवहारात बेकायदेशीर असे काही नाही. तथापि लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात खरी तागडी आणि खरी वजने ठेवण्याची आज्ञा ज्या प्रकरणात आहे, त्याच प्रकरणात शेताच्या कडा गरिबांसाठी न कापता सोडण्याचीही आज्ञा आहे. तागडी विक्रेत्याची, कडा मालकाची. आजच्या बाजारात ती कडा गिऱ्हाइकाच्या हाती आहे : शेवटचे पाच-दहा रुपये, जे आपण घासाघीस करून काढून घेतो. मोठ्या दुकानात छापील किमतीला आपण निमूट पैसे मोजतो आणि जमिनीवर गोणपाट टाकून बसलेल्या मावशीशी मात्र हुज्जत घालतो. हे आम्हाला अनाकलनीय वाटते.

केळीची कथा याहून मोठ्या आकड्यांची, पण जातकुळी तीच. नशिराबादहून भुसावळमार्गे तापी ओलांडली की यावल-रावेर तालुक्यांतील केळीचे बाग सुरू होतात. सावदा, फैजपूर, निंभोरा ही नावे देशभरच्या फळबाजारात परिचित आहेत. जळगावच्या केळीलाही २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले, आणि जून २०२१ मध्ये तांदलवाडी येथील शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली. परंतु केळीचा घड कापणीस आला की थांबता येत नाही. रावेर आणि बऱ्हाणपूर येथील भाव रोज जाहीर होतात; प्रत्यक्ष बागेत व्यापारी त्याहून कमी भाव देतो, ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. म्हणूनच कच्च्या केळीचे वेफर्स हा रस्त्याकडेचा उद्योग महत्त्वाचा. केळी सोलून थेट उकळत्या तेलावर किसतात, मीठ शिंपडतात आणि गरम पुडी हातात देतात. पडलेल्या भावातून निसटण्याची ती एक छोटी वाट आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात लहान शेतकऱ्यांच्या अन्नोत्पादनाला आधार देण्याचा आग्रह धरला आहे, तो वाचताना आम्हाला हे रस्त्याकडेचे कढईवाले आठवतात.

एक अडचण आपल्याच घरची. भुसावळचा आठवडे बाजार रविवारी भरतो. मिस्सा आटोपून पिशवी घेऊन निघणारी कुटुंबे असतात, आणि क्वचित बाजार आटोपून मिस्सा विसरणारीही. ख्रिस्तसभेचे म्हणणे येथे सरसकट मनाईचे नाही. धर्मशिक्षण ग्रंथात उपाहारगृहांचा नामोल्लेख करून म्हटले आहे की काही सेवांसाठी रविवारी काहींना काम करावेच लागते, मात्र कोणावरही अनावश्यक भार टाकू नये. शेतकऱ्याला बाजाराचा वार निवडता येत नाही. तो ठरलेला आहे. आपल्याला मात्र शनिवारी संध्याकाळच्या मिस्साने रविवारचे कर्तव्य पूर्ण करण्याची मुभा आहे. जेथे ती मिस्सा होते तेथे तिचा लाभ घ्यावा. स्वतः भाजी विकणाऱ्या श्रद्धावंतांसाठी तर धर्मग्रामांनी मिस्साची वेळ ठरवताना या बाजाराचा विचार करावा, अशी आमची सूचना आहे.

खाद्यमहोत्सवांविषयी थोडक्यात. जळगावात होणाऱ्या बहिणाबाई महोत्सवात महिला बचत गटांच्या हातचे खापरावरचे मांडे, ज्वारीचे बिबडे, कळण्याची भाकरी असे पदार्थ मिळतात. मांडे करणाऱ्या बाईचे हात पाहण्यासाठी तरी मुलांना न्यावे : पुरण भरलेली पोळी हातांवर झुलत झुलत मोठी होते आणि उपड्या खापरावर पसरते. डिसेंबर २०१८ मध्ये जळगावातच प्रसिद्ध शेफ विष्णू मनोहर यांनी एका अवाढव्य कढईत विक्रमी भरीत केले होते. अशा विक्रमांपेक्षा बचत गटाच्या टेबलाशी आम्ही अधिक वेळ थांबू. ताटात मात्र बेतानेच घ्यावे. अन्न टाकणे हे गरिबाच्या ताटातून चोरण्यासारखे आहे, या आशयाचे उद्गार पोप फ्रान्सिस यांनी ५ जून २०१३ रोजी काढले होते, आणि महोत्सवातील कचऱ्याच्या पिंपांजवळून जाताना ते आठवल्याशिवाय राहत नाहीत.

जानेवारीत मेहरूणची बोरे येतात. जळगाव शहर वाढले तशी मेहरूण परिसरातील बोरीची झाडे कमी झाली. त्यामुळे जी मिळतील ती घ्यावीत. उन्हाळ्यात आमरसासोबत मांडे.

ज्यांना शेत नाही आणि पऱ्हाट्याही नाहीत, त्यांनी वांग्याला तेलाचा हात लावून, सुरीने दोन-तीन ठिकाणी टोचून मंद गॅसवर भाजावे. टोचले नाही तर ते फुटते. देठाजवळचा भाग शेवटी शिजतो, तेवढा धीर धरावा. भाजल्यावर दहा मिनिटे झाकून ठेवले की साल सहज निघते. ती पाण्याखाली धुऊन काढू नये, धुराची चव वाहून जाते. कळण्याचे पीठ घरी दळणे शक्य नसेल तर शेजारी विचारावे. खानदेशात हे पीठ मागायला गेलेला माणूस सहसा भाकरी घेऊनच परततो.